प्रत्येकाचें निराळें पान

सकाळीं दारांत पडणारें वर्तमानपत्र घरांतील पांच माणसांसाठीं एकच असतें. आजोबा अग्रलेख वाचतात, सूनबाई बाजारभाव पाहतात, नातू खेळांचें पान ओढून घेतो. पण कागद तोच, मजकूर तोच, आणि शेजारच्या बिऱ्हाडांतहि तोच. हींच पांच माणसें आपापल्या मोबाइलवर एकाच संकेतस्थळाचा एकच पत्ता उघडतात, तेव्हां मात्र पांचांपुढें पांच निराळीं पानें उभीं राहतात. एकाला नाट्यसंगीत, दुसरीला लोणच्यांच्या कृती, तिसऱ्याला क्रिकेट. पान उघडणारास वाटतें कीं संकेतस्थळच असें आहे. वस्तुतः तें त्याच्यापुरतें तसें आहे.

वाचकागणिक रूप पालटणाऱ्या अशा संकेतस्थळांची तुलना बहुधा चुकीच्या मापानें केली जाते. कोणाचा अंदाज अधिक बरोबर येतो, कोणाला आवड अधिक कळते, एवढेंच लोक पाहतात. पण अंदाज बरोबर येणें आणि सेवा चांगली होणें या दोन गोष्टी नेहमीं एकत्र नांदतात असें नाहीं. संकेतस्थळ आपल्या वहींत कोणती गोष्ट मोजतें, विकलेला माल, महिन्याची वर्गणी, कीं पाहण्यांत गेलेला वेळ, हें आधीं समजून घेतलें म्हणजे तें कोणाची चाकरी करीत आहे याचा उलगडा होऊं लागतो. त्या दृष्टीनें चार-दोन प्रसिद्ध स्थळें तपासून पाहण्यासारखीं आहेत.

संकेतस्थळाला आलेला माणूस ओळखूं यावा ही सोय फार जुनी नाहीं. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली या तरुण तंत्रज्ञानें ‘कुकी’ नांवाची युक्ति काढली. परीट जसा कपड्याच्या कोपऱ्यावर काळ्या शाईची बारीक खूण घालतो आणि पुढें त्या खुणेवरून कपडा कोणत्या घरचा हें ओळखतो, तसाच हा प्रकार. संकेतस्थळ वाचकाच्याच यंत्रावर एक लहानशी खूणचिठ्ठी ठेवून देतें, आणि तो पुन्हां आला कीं ती वाचून पाहतें. टोपलींत घातलेली वस्तु दुसरें पान उघडल्यावरहि दुकानाच्या लक्षांत राहावी, एवढाच मूळ हेतु होता. त्या खुणेचा पुढें जो विस्तार झाला, तो परटाच्या धंद्यांत मात्र कधीं झाला नाहीं.

पहिल्या पिढींतील व्यक्तिगत पानें वाचकानें स्वतः मांडावयाचीं असत. याहू कंपनीनें १९९६ सालीं ‘माय याहू’ सुरू केलें. गूगलनें २००५ सालीं तशाच मांडणीचें पान काढलें आणि पुढें त्याला ‘आय-गूगल’ हें नांव दिलें. पुण्याच्या गृहस्थानें पुण्याचें हवामान, दोन वर्तमानपत्रांचे मथळे, क्रिकेटचा धावफलक आणि मुलाच्या अमेरिकेंतील गांवचें घड्याळ एवढ्या चौकटी निवडाव्या, त्या हव्या तशा वरखालीं सरकवाव्या, आणि रोज सकाळीं तेंच पान त्याच क्रमानें पाहावें. दुसऱ्या स्थळांवरचे मथळे आपोआप आणून देणारी ‘आर-एस-एस’ ही रीत १९९९ सालीं नेटस्केपनें अशाच एका मांडणीच्या पानासाठीं बनविली होती.

या पद्धतींत संकेतस्थळ तर्क करीत नसे. सांगितलें तें आणून ठेवी. अंदाज चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अंदाज केलाच जात नव्हता. शिवाय पान वाचून झालें कीं तें संपत असे, आणि गृहस्थ स्नानास उठत असे. हें संपणें वाटतें तितकें क्षुल्लक नाहीं. दोष अर्थात् होते. नव्या घरांत सामान लावण्याचा जो कंटाळा माणसाला येतो, तोच चौकटी लावतांनाहि येई. आणि ज्या गोष्टी ठाऊकच नाहींत त्या वाचकानें मागाव्या तरी कशा? ‘आय-गूगल’ १ नोव्हेंबर २०१३ रोजीं बंद झालें. नव्या तऱ्हेच्या अ‍ॅपांमुळें अशा पानाची गरज ओसरली, असें कंपनीनें कारण दिलें होतें, आणि तें खोटें म्हणतां येणार नाहीं. परंतु वाचकानें सांगावें ही रीत मागें पडून वाचकाकडे पाहून तर्क करावा ही रीत सर्वत्र रुजली, त्या वेळीं खुद्द वाचकाचें मत कोणी विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

तर्काची रीत मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखविली ती अ‍ॅमेझॉन या दुकानानें. तेथें ही योजना १९९८ सालीं सुरू झाली, आणि ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ व जेरेमी यॉर्क या तिघांनीं २००३ सालीं एका निबंधांत तिचें मर्म सांगितलें. सामान्य समजूत अशी कीं दुकान आपल्यासारखें दुसरें गिऱ्हाईक शोधून काढतें आणि त्यानें घेतलेला माल आपल्यापुढें मांडतें. पण गिऱ्हाइकें कोट्यवधि असतां असा शोध फार महाग पडतो. म्हणून या तिघांनीं माणसांची तुलना सोडून दिली आणि वस्तूंची तुलना केली. ज्यांनीं अमुक शब्दकोश घेतला त्यांच्याच टोपलींत दुसरें कोणतें पुस्तक वारंवार आढळतें, याची सारणी आधींच तयार करून ठेवावयाची. गिऱ्हाईक आलें कीं त्यानें घेतलेल्या दोन-चार वस्तूंवरून ती सारणी उघडावयाची. मनुष्य कसा आहे हें मुळींच न कळतां त्याला काय लागेल हें बऱ्याच वेळां सांगतां येतें, हा त्या निबंधाचा चमत्कार होय.

रोजच्या गिऱ्हाइकाला ही रीत उपयोगी पडते. घड्याळाबरोबर पट्टा, छपाईच्या यंत्राबरोबर शाई, एका व्याकरणाबरोबर दुसरें व्याकरण. परीक्षाहि सरळ आहे. खिशांतून पैसे निघाले आणि माल घरांत राहिला, म्हणजे सूचना बहुधा उपयोगी होती. माल परत गेला, म्हणजे नव्हती. दुकानाचें माप आणि गिऱ्हाइकाचें माप येथें पुष्कळ अंशीं जुळतें. जे दोष राहतात ते निदान हंसूं येण्यासारखे असतात. प्रेशर कुकर घेतलेल्या बाईला पुढें कित्येक दिवस कुकरच दिसत राहतात, जणूं ती कुकरांचा संग्रह करीत आहे. भाच्याच्या मुंजींत देण्यासाठीं बॅट घेणाऱ्या प्रौढ मामास क्रिकेटपटु समजलें जातें. ‘ही भेट होती’ किंवा ‘यावरून सूचना करूं नये’ असें दुकानाला कळविण्याची सोय आहे, मात्र ती शोधून काढावी लागते. खरी काळजी निराळी आहे. ‘प्रायोजित’ असें बारीक अक्षरांत लिहिलेला मालहि याच मांडणींत बसलेला असतो. वाण्यानें ओळखीच्या घरासाठीं निवडून दिलेले तांदूळ आणि व्यापाऱ्यानें पैसे भरून पुढें ठेवविलेले तांदूळ यांतील फरक गिऱ्हाइकानेंच डोळे बारीक करून ओळखावयाचा.

चित्रपटांचें नेटफ्लिक्स हें स्थळ मुख्यतः महिन्याच्या वर्गणीवर उभें राहिलें, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. २००६ सालीं या कंपनीनें दहा लक्ष डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. ४,८०,१८९ वर्गणीदारांनीं १७,७७० चित्रपटांस दिलेले दहा कोटींहून अधिक गुण, देणारांचीं नांवें काढून टाकून, तिनें अभ्यासकांपुढें ठेविले. आणि कंपनीच्या स्वतःच्या अंदाजापेक्षां शेंकडा दहांनीं अधिक अचूक अंदाज करणारास तें बक्षीस कबूल केलें. देशोदेशींच्या गणितज्ञांनीं तीन वर्षें खटपट केली, आणि २००९ च्या सप्टेंबरांत बक्षीस दिलें गेलें. आतां गंमत पाहा. विजयी ठरलेली संपूर्ण पद्धति कंपनीनें वापरलीच नाहीं. अचूकपणांत पडणारी भर ती पद्धति बसविण्याच्या श्रमांच्या मानानें पुरेशी नाहीं, असें तिच्याच तंत्रज्ञांनीं २०१२ सालीं लिहून ठेविलें आहे. इकडे नांवें काढलीं म्हणजे माणूस लपला, ही समजूतहि टिकली नाहीं. टेक्सास विद्यापीठांतील अरविंद नारायणन् आणि व्हिताली श्मातिकोव्ह यांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं एकाद्यानें पाहिलेले थोडे चित्रपट आणि त्यांच्या ढोबळ तारखा ठाऊक असल्या, तर त्या निनांवी यादींतून त्याला हुडकून काढतां येतें. दुसरी स्पर्धा जाहीर झाली होती. ती २०१० सालीं रद्द करण्यांत आली.

याहून बोधप्रद आहे ती ताऱ्यांची हकीकत. पूर्वीं प्रेक्षक चित्रपटास एक ते पांच तारे देत असत. कंपनीला आढळून आलें कीं लोक गंभीर माहितीपटाला पांच तारे देतात, आणि प्रत्यक्षांत वारंवार पाहतात तो तीन ताऱ्यांचा हलकाफुलका चित्रपट. २०१७ सालीं तारे गेले. त्यांच्या जागीं पसंत-नापसंतीचे अंगठे आले, आणि मनुष्य काय म्हणतो यापेक्षां काय पाहतो याला वजन आलें. माणूस ज्याला चांगलें म्हणतो आणि जें करतो यांत अंतर असतें, हें शिक्षकांना, वैद्यांना आणि आयांना ठाऊक आहेच. त्या दोहोंपैकीं कोणता माणूस खरा धरावयाचा, हा वादाचा मुद्दा. पांच तारे देणारा ढोंगी नसतो. आज थकल्यामुळें विनोदी चित्रपट पाहिला तरी उद्यां कांहीं अधिक चांगलें पाहावें, अशी त्याची इच्छा असते. आणि त्या इच्छेची नोंद होण्याची जी एक जागा होती, ती या बदलानें आकुंचित झाली.

यूट्यूबवर हें अंतर अधिकच जाणवतें, कारण तेथें बहुतेक लोक वर्गणी देत नाहींत. जाहिराती पाहतात, म्हणजे किंमत वेळानें चुकती करतात. २०१२ पर्यंत चित्रफीत किती वेळां उघडली गेली यावर तेथें मुख्य भर असे. त्यामुळें वर भडक चित्र लावून आंत कांहींच न देणारांचें फावे. त्या सालीं कंपनीनें माप बदललें, आणि चित्रफीत किती वेळ पाहिली गेली हें मोजण्यास आरंभ केला. सुधारणाच ती. परंतु त्याच सुमारास साऱ्या जगानें मिळून दिवसाला एक अब्ज तास पाहावे असें ध्येयहि कंपनीनें स्वतःपुढें ठेविलें, आणि २०१६ सालीं तें गांठलें. पाहणारास समाधान झालें कीं नाहीं हेंहि पुढें विचारलें जाऊं लागलें, आणि दिशाभूल करणाऱ्या मजकुराची शिफारस कमी करण्याचें २०१९ सालीं जाहीर झालें. असें असलें तरी पाहण्याचा वेळ हिशेबांतून वजा झालेला नाहीं. दुकानांत माल घेऊन बाहेर पडणारें गिऱ्हाईक चांगलें. येथें बाहेर न पडणारें चांगलें.

या स्थळाचे उपकार नाकारणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. बालगंधर्वांचें एक पद शोधणाऱ्या रसिकास त्याच्या बाजूलाच हिराबाई बडोदेकर आणि मास्टर कृष्णराव सांपडतात, आणि तीस वर्षांपूर्वीं हरवलेली गाण्यांची पेटी उघडल्यासारखें होतें. शिवणयंत्र अडलें, नळ गळूं लागला, मुलाला भूमितींतील प्रमेय समजलें नाहीं, तर तीन मिनिटांत कोणीतरी मराठींत समजावून सांगणारा भेटतो. ज्याला काय हवें आहे हें ठाऊक असतें, त्याला या स्थळाइतका दुसरा सेवक नाहीं. पंचाईत होते ती रिकाम्या मनानें आलेल्याची.

शिवाय शहरांतील पुष्कळ घरांत एकच टॅब्लेट चार हातांत फिरतो. आजोबांचें नाट्यसंगीत, सूनबाईंच्या पाककृती आणि नातवाचीं कार्टूनें यांची मिळून संकेतस्थळाच्या वहींत एक काल्पनिक व्यक्ति तयार होते, आणि ती घरांतील कोणासारखीच नसते. मग रात्रीं ‘स्वयंवर’मधील पद संपतांच पडद्यावर बोलणारा ट्रॅक्टर येतो. नेटफ्लिक्सनें २०१३ सालीं घरांतील प्रत्येकाचा खाना वेगळा करण्याची सोय केली, ती या दृष्टीनें बक्षिसाच्या साऱ्या गणितापेक्षां घरच्या माणसांच्या अधिक कामाची ठरली असावी. यूट्यूबनेंहि २०१५ सालीं मुलांसाठीं निराळें अ‍ॅप काढलें.

करमणुकींतील ही सरमिसळ हंसून सोडतां येते. आजारपणांतील गोष्ट तशी नाहीं. समजा, एका घरांत वडिलांना कर्करोग झाला. मुलगी रात्रीं जागून औषधें, पथ्य, चाकांची खुर्ची, इस्पितळासारखी खाट भाड्यानें कोठें मिळेल, हें शोधीत बसते. शोधाचें स्थळ तिला उत्तम साहाय्य करतें. विचारलें, उत्तर मिळालें, काम झालें. पण प्रश्नांची नोंद मागें राहते. दोन महिन्यांनीं वडील जातात. तेरावें होतें. पाहुणे परततात. आणि मग विजेचें बिल भरतां भरतां सहज उघडलेल्या बातमीच्या मध्यें चाकांची खुर्ची येऊन उभी राहते, किंमत उतरली म्हणून. खुर्ची विकणाऱ्याचा येथें दुष्टपणा नाहीं. या घरांत खुर्ची शोधली जात होती, एवढेंच त्याच्यापर्यंत पोंचलें आहे; शोध कां थांबला हें त्याला कळण्याचा मार्ग नाहीं. शेजारणीला तें कळतें. त्या दारावरून जातांना ती आपला आवाज खालीं करते.

२०१४ सालच्या अखेरीस फेसबुकनें सरत्या वर्षाची आठवण म्हणून लोकांना त्यांचींच छायाचित्रें सजवून दाखविलीं. वेबरचनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थास त्या सजावटींत दिसली ती त्याच वर्षीं वारलेली त्याची लहान मुलगी, भोंवतीं नाचणाऱ्या आकृती काढलेल्या. त्यानें तें शांतपणें लिहून प्रसिद्ध केलें, आणि कंपनीच्या अधिकाऱ्यानें त्याची क्षमा मागितली. येथें अंदाज चुकला होता असें म्हणतां येत नाहीं. त्या बापाच्या वर्षांतील सर्वांत मोठी घटना तीच होती.

उलट कांहीं स्थळें अगदीं व्यक्तिगत असूनहि तर्काच्या वाटेस जात नाहींत. भारत सरकारचें ‘डिजिलॉकर’ २०१५ सालीं सुरू झालें. त्यांत ज्याचें पान त्याचीच कागदपत्रें असतात. वाहन चालविण्याचा परवाना, गुणपत्रिका, गाडीची नोंदणी. २०१८ सालीं केंद्रीय परिवहन मंत्रालयानें राज्यांना कळविलें कीं तेथें दाखविलेला परवाना मूळ परवान्याप्रमाणेंच ग्राह्य मानावा. रेल्वेच्या तिकिटांच्या स्थळावर घरांतील माणसांचीं नांवें आणि वयें एकदां लिहून ठेवितां येतात, म्हणजे दर वेळीं तीं लिहावीं लागत नाहींत. अशा स्थळांवर काम होतें आणि माणूस उठतो. तेथें बसून राहावें असें कोणालाच वाटत नाहीं, आणि तसें कोणी घडवूंहि पाहत नाहीं. विकिपीडियाची तऱ्हा आणखी निराळी. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तेथें ‘सह्याद्रि’ हें पान मुंबईच्या प्राध्यापकास आणि साताऱ्याच्या विद्यार्थ्यास एकच दिसतें. त्यांतील मजकूर चुकीचा असला तर तो सर्वांसाठीं चुकीचा असतो, आणि म्हणूनच कोणाच्या तरी नजरेस पडून दुरुस्त होण्याचा संभव असतो. ज्याचें पान एकट्यापुरतें आहे, त्याच्या पानांतील चूक दुसरा पाहणार कसा?

कायद्यानें या बाबतींत हात घातला आहे. युरोपीय संघानें २०२२ सालीं केलेल्या डिजिटल सेवांच्या कायद्यानें, जीं स्थळें तेथील साडेचार कोटींहून अधिक लोक वापरतात, त्यांच्यावर असें बंधन घातलें कीं वाचकाची पाहणी न करतां मांडलेल्या यादीचा निदान एक पर्याय त्याला दिलाच पाहिजे. भारताचा व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालचा. आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क त्यांत सांगितला आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास त्यांत मनाई आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. अंमल मात्र टप्प्याटप्प्यानें यावयाचा आहे.

दरम्यान घरच्या घरीं करण्याजोगें बरेंच आहे, आणि त्यास तंत्रज्ञाची गरज नाहीं. इन्स्टाग्रामवर २०२२ पासून फक्त आपण निवडलेल्या माणसांचा मजकूर काळाच्या क्रमानें पाहण्याची सोय आहे; फेसबुकनेंहि त्याच सालीं तसा खाना उघडला. गूगलच्या खात्यांत शोधांची आणि पाहिलेल्या चित्रफितींची यादी वाचावयास मिळते. ती एकदां स्वस्थपणें वाचून पाहावी. स्वतःची रोजनिशी दुसऱ्यानें लिहिलेली वाचण्याचा तो विलक्षण अनुभव असतो. यादींतील एकेक नोंद पुसतां येते, किंवा तीन, अठरा अथवा छत्तीस महिन्यांनीं ती आपोआप पुसली जावी असें ठरवितां येतें. आजारपणाच्या दिवसांतील नोंदी घरांतील तरुण माणसानें आपण होऊन पुसल्या, तर घरच्या वडीलधाऱ्यांचा एक त्रास कमी होईल. जाहिरात दाखविणारास ‘ही पुन्हां नको’ असेंहि कळवितां येतें.

यूट्यूबवर पाहिल्याची नोंद ठेवणें मुळांतच बंद करितां येतें. ज्याच्या खात्यांत अशी नोंद नाहीं, किंवा असून नसल्यासारखी आहे, त्याला २०२३ च्या ऑगस्टपासून पहिल्या पानावर शिफारशी दाखविल्या जात नाहींत. पान जवळजवळ कोरें राहतें. माथ्यावर शोधाची चौकट असते, आणि आपल्याला काय पाहावयाचें आहे तें वाचकाला तींत स्वतः लिहावें लागतें.